खिडकीवरची पट्टी

मंगळवारी सकाळी माझे पती गेले. तेरवी झाली. मग मी त्यांचा संगणक उघडला.

त्यात त्यांच्या शब्दांच्या यादीची फाईल होती. जवाहरनगरची नोकरी संपल्यावर ते पवनीकडच्या आपल्या गावी जाऊन तळ्याच्या पाळीवर बसत आणि म्हाताऱ्यांकडून धानशेतीचे शब्द गोळा करत. धानाच्या खाचराला बांधी, लहान तळ्याला बोडी, लावणीला रोवणा, कापलेल्या धानाच्या ढिगांना पुंजणे. मी शाळेत मराठी शिकवलेली. यादी तपासायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते पुढे ढकलत आले होते.

ते लिहीत तो प्रोग्राम सगळा कळांवर चालायचा. एक कळ दाबली की लिहायचं, दुसरी दाबली की लिहिणं बंद, आणि मग तीच अक्षरं हुकूम होत. मराठी कळफलक चालू राहिला तर हुकूम चालत नसत, इंग्रजी राहिला तर मराठी उमटत नसे. दिवसभर ही अदलाबदल करूनही त्यांचा चहा कधी सांडला नाही. माउस काहून नाही लावत, असं मी एकदा विचारलं. हात उचलाले लागते, म्हणाले. जसं काही धानाचं पोतंच उचलायचं होतं.

शेवटच्या उन्हाळ्यात त्यांना नवा नाद लागला. या प्रोग्रामला बाहेरून बसवायच्या खिडक्या, म्हणजे पडद्यावरचं नवं रूप, लोक बनवून इंटरनेटवर फुकट ठेवतात. कोणीही घ्यावी, हवी तशी बदलावी. ते रोज एक आणत. एकीत कर्सर मासोळीसारखा पळे. एकीत जोडाक्षरं फुटली. ती त्याच दिवशी बाद.

"आत तर तेच दिसून राहिलं मले," मी म्हटलं.

"खाट तेच आहे. चादर बदलून पाहून राहिलो."

"मग झोपता कधी?"

ते हसले आणि पुन्हा कळांकडे वळले.

तर ती फाईल. मला खाली एक शब्द लिहायचा होता. फोनवर लिहिते तसा इंग्रजी अक्षरांत 'धान' लिहायला मी डी दाबली. काही उमटेना, म्हणून दाबूनच धरली. लिहायची कळ मी आधी दाबलीच नव्हती, त्यामुळे डी हा ओळ पुसायचा हुकूम ठरला आणि ओळी भराभर जाऊ लागल्या. बोडी गेली, रोवणा गेला. बोट उचललं तोवर पान कोरं झालं होतं.

मी उठून पाणी प्यायले. परत बसले तेव्हा खिडकीच्या वरच्या कडेकडे लक्ष गेलं. तिथे बटणांची एक पट्टी होती, मराठीत. लिहा. थांबा. जतन करा. मागे घ्या. असे शब्द तयार मिळत नाहीत. ते त्यांनीच बसवले होते. त्यांना स्वतःला ती पट्टी कधी लागली नसती. कळफलकाशेजारी माउसही जोडलेला होता, नवा.

मी 'मागे घ्या' दाबत गेले. एकेका दाबण्याला एकेक ओळ परत आली.

आता फाईलमध्ये त्यांचे शब्द आहेत, त्याखाली माझे थोडे आहेत, आणि माउस जोडलेलाच आहे.