चौतीस शिक्क्यांचं पत्र

दर महिन्याच्या एकोणतीस तारखेला इत्सुयो कावाझोए शिवणयंत्रावर फडकं टाकून ठेवायची. त्या दिवशी शिवण बंद. पंचेचाळीस सालच्या जूनमध्ये जपानमधल्या आमच्या सासेबो बंदरावर अमेरिकी बॉम्ब पडले, त्या रात्री तिचा नवरा गोदीतल्या कारखान्यात होता. सापडला तो फक्त त्याचा जेवणाचा डबा. तेव्हापासून एकोणतीस ही त्याची तिथी, वर्षाची नव्हे, महिन्याची. देव्हाऱ्यापुढे पहिल्या वाफेचा भात, उदबत्ती, अमिदा बुद्धाचं नाव, आणि मग पत्र.

पत्र पंतप्रधानांना. कधी अमेरिकेच्या अध्यक्षांना, तर कधी हनोईतल्या पुढाऱ्यांना. व्हिएतनामातली लढाई थांबवा, एवढंच त्यात असे. सात वर्षं हे चाललं होतं. उत्तर एकदाही आलं नाही. उतारावरच्या बायका म्हणायच्या, "अगं, भिंतीशी बोलल्यासारखं आहे हे." त्यावर ती म्हणे, "बुद्ध तरी कुठे उत्तर देतात? म्हणून मी नाव घ्यायचं सोडलंय का?"

बंदरापासून वर चढत गेलेल्या आमच्या उतारावर चौतीस घरं. त्यातल्या बहुतेकांच्या चुली व्हिएतनामकडे जाणाऱ्या अमेरिकी लढाऊ बोटींच्या जिवावर पेटायच्या. कुणी त्यांच्या चादरी धुवायचं, कुणी त्यांना दारू पाजायचं. इत्सुयो खलाशांच्या विजारी अल्टर करून द्यायची, कोटांची बटणं लावायची. ही गोष्ट तिने कधी लपवली नाही.

बहात्तर सालचा नोव्हेंबर होता. युद्धबंदीचा कागद लिहून झालाय, सही तेवढी अडलीय, असं महिनाभर वर्तमानपत्रात येत होतं. इत्सुयोला राहवेना. कागद तयार असून सही होत नाही? आपल्याकडे नाल्याच्या सफाईच्या कागदावरसुद्धा चार दिवसांत चौतीस शिक्के पडतात! आणि त्यातूनच तिला सुचलं.

आमच्याकडे मोहल्ला मंडळाची एक फिरती पाटी असते. सूचना पाटीला अडकवायची, पाटी शेजारच्या घरी द्यायची. त्यांनी वाचून आपल्या नावाचा लाल शिक्का मारायचा आणि पुढे सरकवायची. या खेपेला फेरी तिच्या घरापासून सुरू होणार होती; पाटी आली तेव्हा तिच्यावर उंदरांच्या औषधाची सूचना होती. इत्सुयोने त्या कागदाखाली आपलं पत्र लावलं. पत्राच्या तळाशी चौतीस घरांची नावं मांडली आणि वरच्या कोपऱ्यात लिहिलं, "ज्यांना पटेल त्यांनी शिक्का मारावा." आणि पाटी पुढे दिली.

चौथ्या दिवशी पाटी परत आली. पत्रावर चौतीस शिक्के! मंडळाच्या अध्यक्षांचासुद्धा! तिला रडूच फुटलं. देव्हाऱ्यापुढे बसून तिने नवऱ्याला सांगितलं, "बघा, मी एकटी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष मोरोओका दारात उभे. उताराच्या पायथ्याशी त्यांची लाँड्री. बोटींच्या चादरींचं सगळं काम त्यांच्याकडे.

"कावाझोएबाई, हे काय आरंभलंय तुम्ही?"

"पत्र आहे. तुमचाही शिक्का आहे की त्यावर."

"मी उंदरांच्या औषधाला शिक्का मारला! सगळ्यांनीच औषधाला मारला. वाचतो कोण? हिसामात्सु आजोबा काल विचारत होते, गोळ्या मिळणार की पावडर. फसवणूक आहे ही, बाई."

इत्सुयोची कानशिलं तापली.

"शिवाय," मोरोओका आवाज खाली आणून म्हणाले, "त्यांच्याच विजारी शिवायच्या आणि त्यांच्याच विरुद्ध पत्रं लिहायची. खाल्ल्या घराचे वासे मोजणं म्हणतात याला. संध्याकाळपर्यंत कागद फाडून टाका, नाहीतर मंडळाची सभा बोलावतो. मग या उतारावर तुम्हाला पाटी कोण देतो ते बघतो."

ते गेले. ती पायरीवरच बसून राहिली. सभेची भीती नव्हती तिला, पाटी बंद होण्याची होती. ज्या घराला पाटी येत नाही ते घर उतारावर असून नसल्यासारखं. पण त्याहून आत टोचत होतं ते वेगळंच.

चव्वेचाळीस साली अशीच पाटी फिरायची. घरातलं पितळ सरकारला द्या, शिक्का मारा. तिने देव्हाऱ्यातली घंटा आणि समई दिली होती. बायकांनी बांबूचे भाले घेऊन कवायतीला या, शिक्का मारा. तिने मारला होता. सगळं मारलं होतं, काही न वाचता, शेजारणीने मारला म्हणून. त्या सवयीने आपल्याला कुठे नेलं ते तिला ठाऊक होतं. आणि आज पत्रासाठी तिने तीच सवय वापरली होती. नकळत का होईना, वापरली होतीच.

"फाडणार तर नाही," ती बुद्धाला म्हणाली, "पण खोटंही पाठवणार नाही."

तिने पत्र कापडात गुंडाळलं, लाल शाईची डबी घेतली, आणि सगळ्यात वरच्या घरापासून सुरुवात केली.

प्रत्येक दारात ती वाकून एकच सांगायची, "माझी चूक झाली. मी सांगून शिक्का घ्यायला हवा होता. आता वाचून दाखवते. नको असेल तर नावावर दोन रेघा मारा आणि रेघांवर आपलाच शिक्का मारा." आमच्याकडे कागदावरचं नाव खोडायची रीत तीच. खोडायलाही शिक्का लागतो, म्हणजे खोडणाऱ्याने उद्या 'मी नव्हेच' म्हणायची सोय नाही.

मग ती वाचायची: "सन्माननीय पंतप्रधान, थंडी पडू लागली आहे, प्रकृतीस जपावे. युद्धबंदीचा कागद तयार आहे असे वाचले. सही व्हायला जितके दिवस लागतील तितके दिवस माणसे मरतील. आपण अमेरिकेचे मित्र आहात. मित्राचा हात धरून सही करवून घ्या. आमच्या बंदरातून बोटी जातात, म्हणून हे सांगणे आमच्याकडे लागते."

हिसामात्सु आजोबांना तीन वेळा वाचून दाखवावं लागलं, तेही ओरडून. "राहू दे शिक्का!" ते म्हणाले. "माझा थोरला फिलिपिन्सला गेला तो गेलाच. पण बाई, औषध गोळ्यांचंच घ्या म्हणावं. पावडर मांजर चाटतं."

दोघींनी दार पुरतं उघडलंच नाही. फटीतून हात बाहेर काढून रेघा मारल्या. एक बाई भडकून म्हणाली, "आमच्या पोटावर पाय देऊन तुम्ही पुण्य कमवा!" एकजण मात्र तीस वर्षांत पहिल्यांदा इत्सुयोशी बोलला. बर्मात लढून आलेला माणूस. त्याने पत्र हातात घेतलं, स्वतःच वाचलं, आणि आधीच्या शिक्क्याशेजारी आणखी एक ठोकला. "पहिला उंदरांचा," तो म्हणाला. "हा माझा."

त्सुयाकोच्या बारचं दार इत्सुयोने लगेच ढकललं नाही. त्सुयाको तिची जवळची. दुपारी खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकून ती फरशी पुसत होती. पत्र ऐकून तिने फडकं पिळून बादलीच्या कडेवर टाकलं.

"ताई, बोटी थांबल्या तर माझं दुकान बसतं."

"माहीत आहे गं."

"बसू दे म्हणण्याएवढी मी संत नाही. गेल्या आठवड्यात एक पोरगा इथे बसून आईला पत्र लिहीत होता. दोन ओळी लिहायचा आणि फाडायचा. फाडायचा आणि परत लिहायचा. त्याचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. तरीसुद्धा मी नाही संत." तिने पेन घेतलं. "रेघ बारीक मारते. खालचं नाव वाचता यायला हवं."

आणि केसासारख्या दोन रेघा ओढून तिने वर शिक्का टेकवला. इत्सुयो तिच्यापुढे वाकली, बाकी सगळ्यांपुढे वाकली त्याहून खाली.

मोरोओकांची लाँड्री शेवटची. तोवर बारा नावं खोडली गेली होती. वाफेच्या ढगातून मोरोओका बाहेर आले. इत्सुयो वाचू लागली तसे म्हणाले, "नको, द्या इकडे." त्यांनी चष्मा लावून पत्र वाचलं, शेवटपर्यंत. मग पट्टी आणली, सरळ दोन रेघा मारल्या, शिक्का उठवला.

"झालं. आता स्वच्छ कागदावर एकवीस नावं उतरवा आणि पाठवा तुमच्या नावाने. मंडळाचा संबंध नाही."

"उतरवणार नाही. जसं आहे तसंच जाणार."

"म्हणजे? माझं खोडलेलं नाव पंतप्रधानांपुढे?"

"तेराच्या तेरा नावं. वाचून खोडलीत ना? मग लाज कसली?"

"लोक काय म्हणतील! इथला अध्यक्ष शांतता नको म्हणतो?"

"तसं म्हणणार नाहीत. पोट बोटींवर आहे म्हणून खोडलं, असं म्हणतील. खरंच आहे ते, आणि तेही त्यांना कळू दे. बोटींनी फक्त तिकडे मरणाऱ्यांनाच नाही, आपल्यालाही बांधून ठेवलंय, साहेब. मी स्वतः त्यांची बटणं लावते. ती पोरं खांद्यांत किती अरुंद असतात ते मला विचारा, मी मापं घेतलीत. म्हणूनच लिहिते."

मोरोओकांनी कागदाकडे हात नेला. तिने तो शांतपणे किमोनोच्या गळ्याआड छातीशी सरकवला. तिथे हात घालणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. लाँड्रीतल्या बायका इस्त्र्या धरून बघत राहिल्या. एक खुदकन हसली.

"सभा बोलवीन मी!"

"बोलवा. मी येते. तिथेही वाचून दाखवीन. सभेत सगळ्यांनी मिळून ऐकलेलं बरं."

"पाटी बंद करीन तुमची!"

"मग मी रोज सकाळी येऊन विचारीन, आज पाटीवर काय होतं? सगळं वाचून दाखवायला लावीन. तुम्हालाही सवय होईल वाचायची."

लाँड्रीसमोरच टपालाची लाल पेटी होती. इत्सुयोने पाकीट काढलं, पत्र आत घातलं, पण ते लगेच चिकटवलं नाही. शाईची डबी उघडून पेटीच्या माथ्यावर ठेवली आणि मोरोओकांकडे पाहत उभी राहिली. खोडलेलं नाव पुन्हा लिहिता येतं. खाली जागा असते.

मोरोओका दाराच्या चौकटीत उभे होते. शिक्का मुठीत होता. मागे वाफ फुसफुसत होती, वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी वाऱ्याने फडकत होत्या. ते एकदा डबीकडे बघत, एकदा खाली बंदराकडे. तिथे एक करडी बोट धूर सोडत होती.

एवढ्यात लाँड्रीतल्या त्या हसणाऱ्या बाईने इस्त्री खाली ठेवली, एप्रनला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "काकू, मी या उतारावरची नाही, स्टेशनामागे राहते. माझा शिक्का चालतो का?"

"वाचलंस?"

"नाही. वाचून दाखवा."

इत्सुयोने पाकिटातून पत्र परत बाहेर काढलं आणि मोरोओकांच्या दारात, इस्त्र्यांवरच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात, पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.