सोजरबाईचा मंगळवार

बुऱ्हाणपुरात परमुलखातल्या विद्यार्थ्याला उपाशी ठेवायची रीत नव्हती. निजामाच्या राज्यात फौजेनं आणि रझाकारांनी धुमाकूळ घातला, तिकडची पोरं शाळा-कॉलेजं टाकून सरहद्दीअलीकडे आली, तेव्हा गावानं त्यांना वार लावून दिले. रोज एका घरी जेवायचं. भोकरदनकडच्या दिगंबरला मंगळवार मिळाला तो सोजरबाईच्या घरचा.

सोजरबाई विधवा. नवऱ्यामागे जवळच्या दापोरा गावातली केळीची बाग तिनं एकटीनं सांभाळली होती, आणि तिच्या जिभेला विळ्याची धार होती. तिची पहिली दोन्ही मुलं पाळण्यातच गेली. तिसरा झाला तेव्हा सुईण म्हणाली, याचं नाव वाईट ठेव, यम तोंडात घालेल आणि थुंकून टाकेल. म्हणून कडू. कडू वाचला, मॅट्रिकपर्यंत पोचला आणि दिगंबरच्या नादी लागला.

नाद लागण्यासारखंच ते पोरगं होतं. आपल्या मुलखाविषयी बोलायला लागला की ऐकणाऱ्याची भाकरी ताटात थंड व्हायची. त्याच्या प्रभातफेरीत, त्याच्या सभेत कडू सगळ्यात पुढे. सोजरबाईनंही या परक्या पोराला जीव लावला. लोण्याचा गोळा आधी त्याच्या पानात पडायचा, मग कडूच्या.

निजामाविरुद्धची पत्रकं केळीच्या घडांखाली लपवून गाडीनं अजिंठ्याकडे न्यायची ठरली, आणि नेमका त्याच दिवशी दिगंबरला ताप भरला. पलीकडची माणसं त्याला नावानं ओळखत, चेहऱ्यानं नाही. तो कडूला म्हणाला, "तू जा. माझंच नाव सांग. पकडला गेलास तरी नाव बदलू नकोस, नाहीतर तू बुऱ्हाणपूरचा हे कळेल आणि इथला आपला अड्डा उघडा पडेल."

"दुसऱ्याचं नाव पांघरू नको रे बाप्पा," सोजरबाई दारात म्हणाली. कडू हसला आणि गाडीवर चढला.

तो पकडला गेला. तिकडच्या तुरुंगात त्यानं दिगंबर म्हणून मार खाल्ला, दिगंबर म्हणूनच महिने काढले. पुढे भारताची फौज हैदराबादेत शिरली, तुरुंग उघडले आणि कडू घरी आला तो हाडं आणि खोकला घेऊन. दर मंगळवारी दिगंबर त्याच्या खाटेशी बसे. काय खायला द्यायचे, कोण मारायचं, कसं मारायचं, सगळं विचारून घेई. सोजरबाईला वाटे, किती माया या पोराची.

माया कशाची आलीय. तिकडे भोकरदनला त्याच्या गावानं सत्कार केला तेव्हा गळ्यात हार घालून दिगंबर उभा राहिला आणि मातीमिसळ भाकरी, तळपायावरच्या काठ्या, सगळं 'मी, मी' करून सांगत सुटला. तुरुंगात नाव त्याचंच होतं, आणि नव्या कारभारात तुरुंग भोगलेल्याला नोकरी मिळत होती. कौतुकानं तिथवर गेलेल्या, बायकांत बसलेल्या सोजरबाईनं वळून बुऱ्हाणपुरातल्या बाकीच्या विद्यार्थ्यांकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते टाळ्या वाजवत होते. तिच्या अंगाची आग आग झाली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

घरी येऊन तिनं कडूला सांगितलं. त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

"सांगू दे त्याले, माय. मुलूख त्याचाच होता."

पण त्याची पाठ हलत होती. रडतो की खोकतो ते तिनं विचारलं नाही. पौषात कडू गेला.

दिवस-कार्य उरकल्यावर दिगंबर आला, अंगात नवा कोट घालून. वार मंगळवारच होता. तो रडला, खरंच रडला. म्हणाला, "मावशी, मी सगळ्यांना खरं सांगणार होतो. पण नोकरीचा हुकूम आला. आता सांगितलं तर सगळंच जाईल."

सोजरबाईनं पान मांडलं. भाकरी वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला.

"बस, कडू," ती म्हणाली.

दिगंबरनं दचकून वर पाहिलं.

"तुलेच म्हणते. मी माह्यं लेकरू वंगाळ नावाखाली लपवलं होतं. तू त्याले तुह्यं चांगलं नाव दिलं अन् यमाले ते बरोबर सापडलं. आता त्याचं नाव रिकामं पडलं हाये, ते तू घे. तुले यम तोंडात घालीन अन् थुंकून देईन. लई जगशील तू, कडू. जेव."

दिगंबरनं मान खाली घातली आणि तो जेवू लागला.