पहिल्या डिव्हिजनचं जॅकेट

गॅरेजच्या कोपऱ्यात कामातून गेलेले बंपर साठतात, तसेच किस्से साठतात. फेकू फेकू म्हणतो आणि जागा अडून बसते. गेलं वर्षभर आमच्या शुक्रवारच्या टोळक्यात एकच विषय होता: मिलिंदच्या ओजसने अमेरिकेतल्या कुठल्या कॉलेजात बेसबॉल खेळायचा! ज्यांनी जन्मात बेसबॉल बघितला नाही, त्यांचं मत सगळ्यांत मोठं. माझंही होतंच.

आधी माणसं सांगतो. मी इथे आखातात, सलमाबादला गाड्यांचं डेंटिंग करतो. शाळा चौथीपर्यंत, पुढे मास्तर कंटाळले. सगळे मला आबा म्हणतात. मिलिंद पुण्याचा, बँकेत अकाउंटंट, राहायला माहूजला. बायको सुजाता. ओजस त्यांचा एकुलता एक, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. शुक्रवारी सकाळी गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत आमचं टेनिस बॉलचं क्रिकेट चालतं. टीम मी पाडतो, कारण भांडणात माझ्यापुढे कोणी टिकत नाही.

*

ओजस बेसबॉलचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. शाळेत शिकला. एकदा हौसेने त्याला आम्ही बॉलिंग दिली. त्याने हात वाकवून जो काही फेकला!

अंपायर होता उस्मान, पेशावरचा ट्रेलर ड्रायव्हर. ओरडला, "नो बॉल!" दुसऱ्यालाही, "नो बॉल!" तिसऱ्याला बॅट्समनच बॅट टाकून बाजूला झाला. उस्मान म्हणाला, "बेटा, तू बाउंड्री पे जा. इस आदमी के बच्चे छोटे हैं!"

पोरगं मुकाट्याने बाउंड्रीवर गेलं. थोड्या वेळाने मिलिंद बॅटिंगला आला, समोरच्या टीमकडून. त्याने मारलेला बॉल गेला थेट ओजसकडे. मिलिंद दुसऱ्या रनला पळत सुटला, वर जोडीदाराला ओरडतोय, "पळ रे, आपलाच आहे तो!"

बॉल बाउंड्रीवरून निघाला तो टप्पा न खाता स्टंपवर. मिलिंद अजून अर्ध्यात!

"अरे, बाप आहे मी तुझा!"

"सॉरी बाबा. बट यू आर आउट."

सगळ्यांत जोरात टाळ्या सुजाताने वाजवल्या.

*

ओजसचे कोच कार्लसाहेब. अमवाजला राहणारा म्हातारा अमेरिकन, माझ्याच वयाचा आणि माझ्याइतकाच तिरसट. एकदा गाडीचं दार चेपलं म्हणून माझ्याकडे आले. विचारलं, "नव्यासारखं होईल?"

मी म्हटलं, "नो. दिसणार नाही. हात फिरवलात तर कळणार."

"गुड," म्हणाले आणि चावी दिली.

जाताना मीही विचारून घेतलं, "आमचा ओजस कसा आहे?"

कार्लसाहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. "इथे राजा आहे. तिथे असे पुष्कळ राजे येतात."

मिलिंद शेजारीच उभा होता. त्याचं तोंड त्या दारासारखं चेपलं. मला मात्र माणूस आवडला. दुसऱ्याच्या पोराबद्दल त्याच्या बापासमोर खरं बोलायला छाती लागते. आमच्यात ती कोणाची नव्हती. सगळे नुसते "वा, वा" करत होते.

*

पुढच्या शुक्रवारी कार्लसाहेब चहाला आले आणि त्यांनी पायऱ्या समजावल्या. तिकडे कॉलेजच्या टीमांचे तीन डिव्हिजन. शिवाय दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज, तिथे खेळून मग मोठ्या ठिकाणी जाता येतं. जेवढी वरची पायरी तेवढा खेळ तगडा, आणि तेवढीच बसून राहायची भीती. "कॉलेजचं नाव बघू नका," ते म्हणाले. "पोरगा ग्राउंडवर असेल का, ते बघा."

मिलिंद उसळला, "बारावी करून परत ज्युनियर कॉलेज? आणि थर्ड डिव्हिजन? आमच्या घराण्यात कोणाला थर्ड नाही मिळाला!"

सुजाता बिस्किट बुडवत म्हणाली, "तुमच्या काकांना?"

"ते आजारी होते!"

*

सुट्टीत ओजस अमेरिकेला खेळाडू निवडायच्या कॅम्पला जाऊन आला. दोन कॉलेजांनी बोलावलं. एक पहिल्या डिव्हिजनचं, मोठ्या नावाचं. ते म्हणाले, टीममध्ये घेतो, खेळवायचं की नाही ते मागाहून बघू. दुसरं तिसऱ्या डिव्हिजनचं, कुठल्याशा खेड्यातलं. ते म्हणाले, पहिल्या वर्षापासून बॉल तुझ्या हातात.

मिलिंदने मोठ्या कॉलेजची टोपी मागवूनसुद्धा घेतली! बँकेत घालून गेला. सुजाता म्हणाली, "चार वर्षं टाळ्याच वाजवायच्या असतील तर तिकडे कशाला जायचं? टाळ्या इथे बसूनही वाजतात." दोघांचं तीन दिवस बोलणं बंद. ओजस मधल्या मध्ये. काही बोलायचा नाही. मी त्याला ट्रकचा एक जुना टायर टांगून दिला होता, त्याच्या भोकातून संध्याकाळभर बॉल मारत राहायचा. खास माझ्या आवाजात ओरडलो, "अरे, टायर फाडशील! तोंड उघड की जरा!"

म्हणाला, "आबा, आय ॲम थिंकिंग."

हे असं विचार करणं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

*

त्याच सुमारास आमची फायनल होती, गुदैबियाच्या टीमशी. मिलिंद माझ्या मागे लागला, "आबा, यंदा मला मेन टीममध्ये घ्याच." डोकं खाल्लं. शेवटी घेतला. बॅटिंग अकरावी, ती आली नाही. बॉलिंग मी दिली नाही, मला मॅच जिंकायची होती. बाउंड्रीवर उन्हात उभा राहून माणूस लाल झाला. बॉल एकदा त्याच्या दिशेने गेला, तोही सिक्स.

मॅच जिंकलो. ओजसने बापाला पाणी दिलं आणि विचारलं, "बाबा, मजा आली?"

मिलिंद मोबाइल पुढे करत म्हणाला, "हा बघ टीमचा फोटो! मी मधे आहे!"

मी मनात म्हटलं, खलास. हा पोराला फोटोसाठीच धाडणार.

*

मग मोठ्या कॉलेजच्या कोचचा व्हिडिओ कॉल आला. शेवटी त्याने विचारलं, काही शंका? ओजस म्हणाला, "गेल्या वर्षी तुमच्याकडे सगळ्यांत कमी खेळलेला पिचर कोण? त्याच्याशी बोलता येईल?"

मिलिंद टेबलाखालून त्याला लाथा मारतोय! कोच म्हणाला, बघतो. मग त्या मुलाला विचारून नंबर पाठवला. ओजसने खेड्यातल्या कॉलेजकडेही हेच मागितलं.

शनिवारी संध्याकाळी मिलिंदची गाडी माझ्याकडे होती, म्हणून तिघं गॅरेजमध्येच बसले होते. तिकडे तेव्हा दुपार. ओजसने फोन बॉनेटवर ठेवला, स्पीकर लावला. मला इंग्रजी बेताचं, पण आवाज कळतो.

मोठ्या कॉलेजचा मुलगा फार गोड बोलला. ग्राउंड झकास, जेवण झकास. जॅकेट तर एकदम भारी, पाठीवर नाव असतं.

"आणि मॅच?" ओजसने विचारलं.

"अजून नाही. पुढच्या वर्षी, होपफुली." मग त्यानेच विचारलं, "तू तिकडे बॉल टाकतोस? रोज?"

"रोज. एक टायर आहे."

मग तो म्हणाला, "लकी."

मिलिंदने टोपी काढून मांडीवर ठेवली.

दुसरा नंबर लावला. कोणी उचलेना. परत लावला. उचलेना. मिलिंदला जोर आला, "बघा! फोन उचलायची शिस्त नाही, ह्यांच्या भरवशावर पोरगा पाठवायचा?"

चहा झाला. गाडीचं कामही झालं. तेवढ्यात फोन वाजला. मागे हा आरडाओरडा, पोरगा धापा टाकतोय.

"सॉरी, सॉरी! ग्राउंडवर होतो. आत्ता बाहेर काढलं मला. काय मार खाल्ला आज, शी! कोच म्हणतो, उद्या परत तूच. मी नंतर बोलू? आमची बॅटिंग चालू आहे!"

आणि ठेवलाच त्याने फोन.

सुजाताने चहाचे कप गोळा केले. ओजस बापाकडे बघत राहिला. मी पुसलेलं बॉनेट परत पुसायला घेतलं.

मिलिंदने विचारलं, "त्या खेड्यात विमान जातं का रे?"

"नो बाबा. बसने जावं लागतं. सहा तास."

मिलिंदने गाडीची चावी उचलली.

"बसमध्ये मला मळमळतं," तो म्हणाला. "पुढची सीट बघ."