मुंग्यांची पलटण

१९९९ च्या सुरुवातीला माझं पोस्टिंग बटालियनच्या घातक प्लाटूनमध्ये झालं. शत्रूच्या पोस्टवर आधी घुसणारे ते आम्ही. मी पूर्णगडचा. माझा बडी, म्हणजे जोडीदार, चंदू कदम, खेडच्या बाजूचा. एक पुढे सरकताना दुसरा फायर देतो. एक पडला तर दुसरा त्याला घेऊनच परततो. आम्ही एकाच मगातून चहा प्यायचो आणि दिवसभर भांडायचो. खेडवाल्यांना मासे कळत नाहीत, हे माझं म्हणणं त्याला फार लागायचं.

आमचे कॅप्टनसाहेब साताऱ्याचे. संध्याकाळी ते ग्रीकांची एक दंतकथा सांगायचे. एका बेटावर रोगाने माणसं मेली. राजाने देवाला गाऱ्हाणं घातलं आणि देवाने मुंग्यांची माणसं केली. त्यांचीच पुढे सगळ्यात कडवी पलटण झाली. लढाईत त्यांच्या सरदाराचा जिवलग मित्र मारला गेला. सरदाराने मारेकऱ्याला ठार केलं, प्रेत रथाला बांधून फरफटवलं. साहेब तिथेच थांबायचे. चंदू म्हणायचा, "आपल्या हापूसवरच्या तांबड्या मुंग्याच रे ह्या. घराला हात लावलास की सगळ्या अंगावर." फरफटवण्याचा भाग आम्हाला फार आवडायचा.

त्या उन्हाळ्यात डोंगराच्या एका धारेवरच्या पोस्टवर आमचा अटॅक फसला. चंदूला बंकरमधून मशीनगनचा बर्स्ट बसला, जागच्या जागी गेला. मी त्याच्याकडे सरपटत निघालो, तोवर मागे हटायची ऑर्डर आली. नंतर दुर्बिणीतून तो दिसत राहिला. उघड्यावर. त्यांनी त्याच्यावर साधं कांबळंही टाकलं नाही. मला तो बंकरवाला हवा होता, बाकी काही नको.

पुढच्या अटॅकला पहाटे पोस्ट घेतली. बंकरवाला माझ्याच ग्रेनेडने गेला. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? साहेबांनी वायरलेस सेटवर कळवलं, "पोस्ट आपली. कदम मिळाला. ओव्हर." मी मेलेल्या बंकरवाल्याचे पाय धरले आणि त्याला कड्याकडे ओढायला लागलो.

"मयेकर, सोड त्याला. खड्डा खण."

"साहेब, ह्यांनी कदमला उघड्यावर टाकला."

"गोष्टीचा शेवट मी सांगितला नव्हता. मेलेल्याचा म्हातारा बाप प्रेत मागायला आला. सरदाराने दिलं."

"मी नाही देणार."

"ऑर्डर आहे."

खणला. दातओठ खात त्याच्यावर दगड रचले. मग चंदूला पाठीवर घेऊन उतरलो. त्याच आठवड्यात पुढच्या पोस्टवर साहेबही गेले. ज्यांच्याशी भांडायचं, तेच उरले नाहीत.

रजेवर आलो तो आधी चंदूच्या आईकडे. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"माती कशाला दिलीत त्या मारणाऱ्याला?"

"साहेबांची ऑर्डर होती, काकी."

"चंदू साहेबांचा पोरगा होता काय?"

 

आता पेन्शन घेऊन बाग बघतो. पहिली पेटी भरताना दोन आंबे देवापुढे ठेवतो. एक चंदूच्या नावाने, एक साहेबांच्या. गेल्या सीझनला बायकोने न सांगता तिसरा ठेवला, त्या खड्ड्यातल्याच्या नावाने. म्हणाली, त्यालाही आई असेल.

मी तो उचलून परत पेटीत घातला.