वाटाण्यांचा डमी

बोरखडीच्या शेषराव चिंचमलातपुऱ्याला कोणी विचारलं, की बुवा, राजकारणात तुमचा अनुभव किती, तर तो गालातल्या गालात हसे. "विधानसभेले चार वेळा उभा राहिलो," तो म्हणे, "आन् पडलो एकदाबी नाई." ऐकणारा परगावचा असला, तर उठून खुर्ची देई. गावातला असला, तर तोंडात हसू दाबून तंबाखू मळत बसे. पण बोलणं शंभर टक्के खरं होतं. शेषराव खोटं बोलणाऱ्यांतला माणूसच नव्हे.

तो आमदार देवानंदभाऊ वाटाणे यांचा डमी होता. डमी म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तोवर पान लावून घ्यावं. मोठा उमेदवार अर्ज भरतो, तेव्हा पक्ष त्याच्यामागे आणखी एक माणूस उभा करून ठेवतो. छाननीत साहेबांची एखादी सही राहिलेली निघाली, एखादा रकाना कोरा सापडला आणि अर्ज उडालाच, तर पक्षाची जागा हातची जाऊ नये म्हणून ही सोय. साहेबांचा अर्ज मंजूर झाला, की डमीचा बाद. बहुतेक पुढारी या कामाला बायकोला नाहीतर सख्ख्या भावाला धरतात. देवानंदभाऊंचं भावाशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाजलेलं, आणि वहिनी म्हणाल्या, एका घरात एकच पागल पुरे झाला. मग भाऊंना शाळेत एका बाकावर बसणारा शेषराव आठवला. त्याला वैरी नव्हते, आणि आमदार व्हायची इच्छा तर त्याहून नव्हती. डमीला याहून जास्त गुण लागत नाहीत.

भाऊंची कारकीर्द म्हणाल तर अशी. २००४ ला निवडून आले, २००९ ला पुन्हा आले, २०१४ ला लाटेत पडले आणि २०१९ ला त्याच लाटेवर बसून परत आले. या उचापतीत तीन पक्ष झाले. गळ्यातले दुपट्टे बदलले, गाडीवरचे झेंडे बदलले, भिंतीवरच्या फोटोतले नेते बदलले. डमी मात्र बदलला नाही. विरोधक भरसभेत म्हणत, "वाटाण्यांनी मतदारांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या!" भाऊ स्वतःच खो खो हसत. शेषरावला मात्र ते झोंबे, दोन दिवस जेवण गोड लागत नसे.

बाकीची माणसं तरुणपणी वर्ष-दोन वर्षं उमेदवारी करतात आणि मग कामाला लागतात. शेषरावची उमेदवारी वीस वर्षं चालली, पण दर खेपेला चार दिवसांची. भाऊ डफडी वाजवत, गुलाल उधळत तहसीलवर अर्ज भरायला जात. तो धुरळा बसला, की मागच्या दारानं शेषराव जाई, इस्तरीचा पांढरा सदरा घालून. त्याच्यावरचे गुन्हे: निरंक. त्याची देणी: सोसायटीचं पीककर्ज. मग निवडणूक अधिकाऱ्यासमोर उभं राहून शपथ घ्यायची. ती शपथ शेषरावला फार आवडे. "मी, शेषराव मारोतराव चिंचमलातपुरे..." म्हणताना त्याचा गळा भरून येई, आणि एकदा तर एका बाई अधिकाऱ्यांनी त्याला पाण्याचा ग्लास दिला होता.

ते चार दिवस घरातही थाट असे. मैनाबाई, म्हणजे त्याची बायको, एरवी त्याला "आवरा लवकर" याच्यापलीकडे काही म्हणत नसे. पण त्या दिवसांत ती न्हाणीत स्वतः कढत पाणी काढून देई आणि "उमेदवार, चहा झाला" अशी हाक मारी. पहिल्या खेपेलाच तिनं विचारलं होतं, "तुमचं नाव मशीनवर कधी येनार?"

"येत नसते ते. आपन डमी."

"मले एकदा तुमच्या नावासमोरचं बटन दाबाचं हाये."

"अवं, माह्यं नाव मशीनवर येनं म्हंजे भाऊचं जानं. असं अभद्र बोलाव नाई!"

ती परत तसं बोलली नाही. पण दर निवडणुकीला शाळेतून मत देऊन घरी आली, की चपला काढता काढता एवढंच म्हणे, "आजबी नव्हतं." बस्स. शेषराव ऐकून न ऐकल्यासारखं करी, पण त्याला ऐकू येई.

२०२४ आलं. भाऊंचे सगळे कागद राजापेठेतले वकील कमलाकांत बघत. माणूस हुशार, पण भलत्या शंकांचा. सरळ रस्ता दिसला, की तो कुठंतरी चुकला असेल असं त्यांना वाटे. ते भाऊंना म्हणाले, "विरोधक यावेळी टपून बसलेत. शेषरावांचा एक अर्ज पक्षातर्फे भरू आणि दुसरा, दहा सूचकांच्या सह्या घेऊन, अपक्ष म्हणून. नुसत्या डमीवर भागणार नाही, डबल डमी हवा." आता अपक्षाचा अर्ज काही आपोआप बाद होत नाही. तो शेवटच्या दिवशी तीन वाजायच्या आत जाऊन मागं घ्यावा लागतो. हे त्यांनी शेषरावला तीन-तीनदा बजावलं.

त्या अपक्ष अर्जात चिन्हाचा रकाना होता. "काहीतरी सांगा," वकील म्हणाले, "नाहीतरी मागंच घ्यायचाय." समोर आयोगाची चिन्हांची यादी पसरली होती. कढई, खाट, शिवणयंत्र, करवत. शेषरावनं यादीवरून बोट फिरवत आणलं आणि एका जागी ते थबकलं. मटार. म्हणजे आपले वाटाणे! त्याचे डोळे ओले झाले. "हेच लिवा वकीलसाहेब. भाऊच्या नावाचं हाये." वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं, काहीतरी शंका त्यांच्या मनात आली, पण शंका इतक्या होत्या की ती एक निसटली.

छाननीत भाऊंचा अर्ज बिनतक्रार मंजूर झाला. मग दिवाळी आली. माघारीचा दिवस भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पडला. मैनाबाई मोझरीला भावाकडे गेलेली. शेषराव सकाळी मोटरसायकलवर तिला आणायला गेला आणि दुपारी दोघं तिथूनच तहसीलवर आले. तीन वाजायला अजून अर्धा तास होता. फाटकावर अकोल्याहून बंदोबस्ताला आलेला एक हवालदार उभा होता, दिवाळीत घरी जाता न आल्यानं जगावर तापलेला.

"कुठं?"

"आत. अर्ज मागं घ्याचा हाये."

"उमेदवार तुमीच काय?"

आता इथं माणसानं "हो" म्हणावं की नाही? एक अक्षर! पण वीस वर्षांची सवय. शेषराव नम्रपणे हसला. "मी कायचा उमेदवार, साहेब. मी डमी."

"डमीले आत सोडाचा हुकूम नाई. उमेदवारच पायजे. कोन हाये उमेदवार?"

"देवानंदभाऊ."

"मंग भाऊले पाठवा."

"भाऊचा अर्ज मागं नाई घ्याचा नं! माह्या घ्याचा हाये."

"म्हंजे तुमी उमेदवार?"

"तसा नाई."

"मंग अर्ज कोनाचा?"

"माह्याच. पन भाऊसाठी."

हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली. "काका, तुमी सकाळपासून जेवले नाई काय? बाजूले व्हा."

असं कितीतरी वेळ चाललं. शेषराव समजावून सांगे आणि प्रत्येक समजावणीनं आणखी बाहेर जाई. आणि मैनाबाई? अहो, ती बाई एसटीच्या कंडक्टरला सुट्ट्या पैशांवरून तीन थांबे ऐकवणारी. धामणगावच्या बाजारात तिला पाहून भाजीवाले आधीच भाव उतरवत. "हेच उमेदवार हायेत" एवढे तीन शब्द तिला जड नव्हते. त्या दिवशी तिनं पदराचं टोक दातात धरलं आणि फाटकाजवळच्या लिंबाकडे बघत उभी राहिली.

आत वाट बघत बसलेले वकील शेवटी धावत बाहेर आले, तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि आतल्या घड्याळात तीन वाजून गेले होते. अधिकाऱ्यांनी यादी बंद केली. पाचव्यांदा उभा राहिलेला शेषराव या खेपेला खराच उभा राहिला, आणि चिन्ह मिळालं, वाटाणे.

भाऊंना कळलं तेव्हा ते चहा पीत होते. बशी फुटली. "शेष्या!" वीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा शाळेतल्या नावानं हाक मारली, पण ती मायेची नव्हती. "अबे, लोकायले माह्यं चिन्ह कुठं याद राह्यते? चिन्ह बदलून राहिलो मी दर खेपेले! नाव तेवढं याद हाये. वाटाणे म्हनतीन आन् वाटाण्यावरच बटन दाबतीन!"

ही गोष्ट शेषरावच्या काळजाला लागली. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःविरुद्ध प्रचाराला निघाला. असा उमेदवार त्या मतदारसंघानं कधी पाहिला नव्हता. ऑटोवर भोंगा बांधून तो गावोगाव ओरडे, "मायबापहो, मले मत देऊ नोका! वाटाण्यावर नोका दाबू, वाटाण्यांले दाबा!" पारावरची म्हातारी माणसं माना डोलवत. एक आजोबा म्हणाले, "समजलं बावा, समजलं. वाटाणे." शेषरावनं कपाळावर हात मारला. जितका तो फिरे, तितका वाटाणा प्रसिद्ध होई. शेवटी भाऊंनी निरोप धाडला, की त्या माणसाला घरात बसवा, नाहीतर तो निवडून येईल.

मतदानाच्या सकाळी शेषराव मैनाबाईला म्हणाला, "मत भाऊले द्याचं. घरातलं मत तरी फुटाले नको."

"चला," ती म्हणाली, "रांग वाढून राहिली."

शाळेच्या खोलीत पुठ्ठ्यामागं तो उभा राहिला आणि त्यानं पाहिलं. स्वतःचं नाव. आडनाव एका ओळीत मावलं नव्हतं, म्हणून 'चिंचमलातपुरे' खाली दुसऱ्या ओळीत उतरलं होतं. शेजारी फोटो, शेजारी वाटाण्याची शेंग. खोटं कशाला सांगा, क्षणभर बोट तिकडे वळलंही. मग त्यानं डोळे मिटून भाऊंचं बटन दाबलं आणि बाहेर येऊन घटाघटा पाणी प्यायला. मैनाबाईला आत इतका वेळ लागला, की "बाई, झालं काय?" असं अधिकाऱ्यानं विचारलं. बाहेर आली ती थेट घराकडे चालू लागली. चपला काढताना काहीच बोलली नाही.

मोजणीच्या दिवशी शेषराव देवाला हात जोडून बसला, की मला मतं पडू देऊ नको. असा नवस देवालाही नवीन असावा. पहिल्या फेरीपासून वाटाणा चालत होता. गावंच्या गावं वाटाण्याला पडत होती आणि भाऊंचं तोंड उतरत होतं. शेवटच्या फेरीत भाऊ कसेबसे तीनशेच्या फरकानं निघाले. शेषरावला पडली सहा हजारांवर मतं. तिसरा नंबर. डिपॉझिट जप्त.

गुलाल उधळला गेला. शेषराव हार घेऊन पुढे झाला, पण भाऊंनी मान दुसरीकडे फिरवली. गाडीत बसताना तेवढं म्हणाले, "पुढच्या खेपेले आपला भाऊच बरा. धुरा देऊन टाकतो त्याले." हार शेषरावच्या हातातच राहिला. डिपॉझिट गेलं त्याचं त्याला काही वाटलं नाही. पण बाकावरचा सोबती न बघता गेला, याचं फार वाईट वाटलं. धामणगावपासून घरापर्यंत तो मोटरसायकलवर एकटा रडत आला.

घरी आला, ओसरीवर बसला. मैनाबाईनं चहा आणून ठेवला.

"पडलो," तो म्हणाला.

"आयकलं. किती पडले?"

"सहा हजारावर. आन् सगळे चुकून. लोकायनं भाऊ समजून दाबलं. त्यातलं माह्यं म्हनावं असं एकबी नाई."

"एक हाये."

"कोनतं?"

"सातवी शिकली हाय मी. नाव वाचलं, खालचं आडनाव वाचलं, फोटो पाह्यला, मंग दाबलं. ते चुकून नाई."

शेषरावनं मान वर केली. "भाऊले द्याचं म्हनलं होतं नं?"

"तुमी म्हनलं होतं. मी हो म्हनलं होतं काय?"

"आन् त्या दिवशी फाटकावर? बोलली काहून नाई तू?"

"वीस वर्षं दम धरला," ती म्हणाली, "आनखी घटकाभर धरला."

शेषरावच्या पुढ्यातल्या चहावर साय धरली. वर्षानुवर्षं ऐकलेलं "आजबी नव्हतं" त्याच्या कानात वाजत होतं, आणि आता ते परत कधी ऐकू येणार नव्हतं. मग त्यानं हळूच विचारलं, "फोटोत कसा दिसून राहिलो होतो?"

"चांगले," मैनाबाई म्हणाली. "कॉलर तेवढी वाकडी होती."

शेषरावचा हात गळ्याशी गेला, आणि त्यानं कॉलर सरळ केली.