पप्पांचं न सुटलेलं चित्रकोडं

मंडळी, आज बदलापूरच्या घरी कपाट आवरताना पप्पांचं जुनं चित्रकोडं सापडलं. आडव्या-उभ्या ओळींच्या कडेला दिलेल्या आकड्यांइतक्या चौकटी काळ्या केल्या की चित्र दिसतं, तसलं.

नव्वदच्या दशकात पप्पांची अंबरनाथची कंपनी बंद पडली. गेटवर धरणं धरून बसलेल्या कामगारांत या कोड्याच्या झेरॉक्स फिरायच्या. पप्पा महिनोन्महिने सोडवत, खोडत बसले. ना कंपनी उघडली, ना चित्र दिसलं.

आज मी सगळ्या आकड्यांची बेरीज केली. चौकटी त्याच, म्हणून आडव्या आणि उभ्या आकड्यांची बेरीज सारखीच यायला हवी. उभ्यांपेक्षा आडवे दहाने कमी! झेरॉक्स काढताना कडेच्या १२ मधला १ कापला गेला होता, नुसता २ उरला होता. हे कोडं सुटणारच नव्हतं.

कागद दाखवला, तर मी चूक सांगायच्या आतच पप्पा म्हणाले, "त्यात मीच कुठंतरी चुकलोय गं."

इतकी वर्षं हेच म्हणतायत. माझ्या जागी तुम्ही असता तर खरं सांगितलं असतंत?