तळ्यातल्या नावेचे कवेलू

नागपूरबाहेरच्या तळ्यातून धोंडबाचे वडील सागवानी नावेने लोकांचा माल न्यायचे. काठाला लागलं की नावाडी साऱ्या तळ्याला ऐकू जाईल अशी हाक द्यायचे, "माल पोचला!"

धोंडबा आईच्या पोटात होता, तेव्हा वडील स्वतःचं घर शाकारायला कवेलू, म्हणजे मातीची कौलं, घेऊन निघाले आणि वादळात नावेसकट बुडाले. आई जन्मभर कान देऊन राहिली. हाक आली नाही.

धोंडबा टिनाच्या छपराखालीच म्हातारा झाला. यंदा गाळ काढताना नाव उघडी पडली. आत कवेलू वडिलांनी रचले तसेच, एकही न फुटलेले! धोंडबा चिखलात उतरला. लोक फोटो काढायला धावले तसा तो खेकसला, "हात नोका लावू!"

एक कवेलू त्याने छातीशी धरून घरी नेला, छपरावर ठेवला आणि तळ्याकडे तोंड करून ओरडला, "बाबा, माल पोचला गा!"